पुढच्या ओहोटीला नेईन

क्रांती चौकात सिग्नल लाल झाला की सर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत आणि म्हणत, "आता तिकडं पाणी उतरायला लागलं असेल."

शेअर रिक्षात दाटीने बसलेली माणसं लगेच मान वळवत. नळाला काही दिवसांच्या खाड्याने पाणी येणाऱ्या आमच्या शहरात पाणी हा शब्द कितीही हळू उच्चारला तरी ऐकू जातो. एकदा एका बाईंनी विचारलंच, "कोणत्या कॉलनीत हो, भाऊ?" सर म्हणाले, "कोकणात." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माणूस बरा आहे ना, असं त्यांना विचारायचं होतं. मी रिक्षाबाहेर बघत राहिले.

सर आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत. मी तिथेच ग्रंथपाल आहे. गेल्या पावसाळ्यात सर गेले. शोकसभेत तिघाचौघांची भाषणं झाली. विद्यार्थिप्रिय, मनमिळाऊ, वक्तशीर, असं सगळं बोलून झालं. समुद्राचं नाव कुणी काढलं नाही. सरांमधून समुद्र वगळला तर मागे काय उरतं, ते मला काही सुचेना, म्हणून घरी येऊन हे लिहायला घेतलं. लिहायला बरेच महिने लागले.

दिसायला ते साधे होते. पॅन्ट मात्र खालून एक दुमड वर घेतलेली असायची आणि पायांत बारा महिने रबरी सँडल. प्राचार्यांच्या केबिनमध्ये, लग्नकार्यात, झेंडावंदनालाही तसेच. कुणी विचारलं तर म्हणत, "पाण्यात कधी उतरावं लागेल, सांगता येत नाही." आमच्या शहरात उतरण्याजोगं पाणी म्हणजे खाम नदीचा नाला. समुद्र तर एसटीने रात्रभराच्या अंतरावर. त्यांच्या विभागाच्या दारावर भरती-ओहोटीचं कोष्टक चिकटवलेलं असे. नवीन आलेल्या शिपायाला ते नळाच्या पाण्याचं वेळापत्रक वाटलं होतं. त्याने ते मोबाइलवर फोटो काढून गल्लीतल्या ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका भल्या पहाटे हंडे लावून बसल्या, आणि त्यानंतर शिपाई काही दिवस घरी मागच्या दाराने जात होता.

सरांनी मात्र त्याला जवळ बसवून कोष्टक समजावून सांगितलं. चंद्र, अमावास्या, पौर्णिमा, उधाण. सगळं ऐकून शिपाई म्हणाला, "पण सर, आपल्याला काय करायचंय त्याचं? आपल्याकडं तर समुद्र नाय."

"पाऊस येतो का तुझ्या गावाला?"

"येतो की. आला तर."

"तो तिथूनच येतो. समुद्राला ताप आला की तुझ्या गावात गारा पडतात. आता सांग, कुणाचा आहे समुद्र?"

माझी आणि समुद्राची ओळख झाली ती एका नियमामुळे. प्राणिशास्त्राच्या मुलांची दर हिवाळ्यात अभ्यास सहल असे, समुद्रकिनाऱ्यावर. सहलीत मुली असतील तर एक तरी महिला कर्मचारी बरोबर हवी. विभागात बाई नव्हती. ग्रंथालयात मी होते. प्राचार्य म्हणाले, पुस्तकं दोन दिवस कुठे पळून जात नाहीत. मी कन्नड तालुक्यातली. तोपर्यंत समुद्र मी फक्त कॅलेंडरवर पाहिला होता.

सहलीची तारीख ठरवणं हे दरवर्षीचं भांडण असे. सरांना उधाणाची ओहोटी हवी. त्या दिवसांत पाणी सगळ्यात लांब मागे जातं आणि एरवी बुडालेला कातळ उघडा पडतो. म्हणजे अमावास्या किंवा पौर्णिमा. पौर्णिमेच्या आसपास नेमकी परीक्षा निघे, मग उरे अमावास्या. मुलींचे वडील विभागात येऊन उभे राहत. एक गृहस्थ तर म्हणाले, "सर, आमच्याकडं अवसेला बैलसुद्धा गावाबाहेर नेत नाहीत, अन् तुम्ही पोरीला समुद्रात न्यायला निघाले." सर शांतपणे म्हणाले, "समुद्रात नाही. अवसेला समुद्रच बाजूला होतो, आपल्याला वाट देतो." गृहस्थ गोंधळले आणि त्यांनी सही केली.

गावाचं नाव सर कुणाला सांगत नसत. इतर महाविद्यालयांना कळलं तर तेही येतील, ही भीती. मीही इथे सांगत नाही. पहाटे उजाडायच्या बेताला आम्ही माडांच्या मधून खाली उतरलो आणि मी थांबले. समोर ते एवढं मोठं होतं. मुली ओरडल्या. मोबाइल निघाले. सर मागून म्हणाले, "वर काय बघताय? वर नुसतं पाणी आहे. खाली बघा."

खाली कातळात डबकी होती. ओहोटीत मागे राहिलेल्या पाण्याची, परातीएवढी, पलंगाएवढी. सरांनी सगळ्यांना एकेका डबक्याकाठी उकिडवं बसवलं. "बोलू नका. सावली पाण्यावर पडू देऊ नका. डबकं तुम्हाला घाबरलंय. त्याची भीती जाऊ द्या."

आम्ही बसलो. पाण्यात काहीच नव्हतं. दगड, वाळू, शेवाळ. मग एक दगड चालायला लागला. शंख होता तो, आत खेकडा. मग लाल फूल उमललं, आणि सर कुजबुजले की ते फूल नाही, प्राणी आहे, शिकारी आहे. काटेरी गोळे, काकडीसारखे काळे लोळके, पारदर्शक कोळंबीची पिल्लं, कडेला पोवळ्यांचे तांबूस गड्डे, आणि तळाशी पाच हात पसरून, सगळ्यांवर मालकी असल्यासारखा एक तारामासा. घाबरलेल्या घरातली माणसं एकेक करून बाहेर यावीत तसं ते डबकं बाहेर आलं. माझे पाय बधिर झाले होते. उठवेना. मी आयुष्यात पुष्कळ वाचलं आहे, पण मला काही ठाऊक नाही हे इतकं स्वच्छ त्याआधी कधी कळलं नव्हतं.

आणि मग, ऊन वर आल्यावर, मुलांनी बरण्या काढल्या.

तशी रीतच होती. प्रात्यक्षिक परीक्षेला प्रत्येकाने स्वतः गोळा केलेले नमुने मांडायचे. ज्याच्या बरण्या जास्त, त्याला गुण जास्त. मुलं दगड उलटे करत, सापडेल ते फॉर्मॅलिनमध्ये टाकत. सरही विद्यार्थी होते तेव्हा याच कातळावर आले होते, त्यांच्या सरांबरोबर. नंतर स्वतः सर झाले. दरवर्षी एक वर्ग, दरवर्षी तोच कातळ. एक वर्गच्या वर्ग आमच्या उन्हाने करपलेल्या गावांतून येई, ज्याने आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही असा, आणि परत जाताना त्याचा एकेक तुकडा बरणीत घालून घेऊन जाई.

पहिली काही वर्षं मला फरक कळला नाही. सरांना कळत होता. डबक्यात हात बुडवून, आई पोराच्या कपाळाला लावते तसा थोडा वेळ तसाच ठेवत आणि म्हणत, "कोमट आहे." पुढच्या वर्षी, "पुन्हा कोमट." एका वर्षी पोवळ्यांचे गड्डे चुन्यासारखे पांढरे झालेले दिसले. मुलींना फार सुंदर वाटले. त्या शेजारी बसून फोटो काढायला लागल्या. सरांचा आवाज चढलेला मी तेव्हा एकदाच ऐकला. "आजारी माणसाच्या उशाला बसून हसत फोटो काढता का गं?" मुली रडवेल्या झाल्या. मग सरांनीच सगळ्यांना चहा पाजला आणि समजावून सांगितलं की पाणी तापलं की पोवळी आपला रंग टाकून देतात, आणि पाणी लवकर निवलं नाही तर मरतात.

आमच्या बरण्यांनी समुद्र ओसाड झाला असं सरांचं म्हणणं नव्हतं. ते तेवढे भोळे नव्हते. रात्री समोर बोटींचे दिवे गावातल्या जत्रेसारखे झगमगत. त्या उजेडाला मासळी गोळा होते आणि बारीक जाळ्यात पिल्लांसकट येते, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. कातळात जाळ्यांचे नायलॉनचे गुंते अडकलेले असत, डांबराचे गोळे असत, बाटल्या, चपला, सलाइनच्या नळ्या. गावात नवीन झालेल्या हॉटेलांचं सांडपाणी सरळ खाली उतरत होतं. हे सगळं होतंच. "पण त्यातलं एक काम आपण करत होतो, मॅडम," ते म्हणाले, "आणि त्याला शिक्षण म्हणत होतो."

पुढच्या सहलीला त्यांनी बरण्या बसमध्येच ठेवायला लावल्या. मुलांना कागद आणि पेन्सिली दिल्या. चित्र काढा. दिसतं तेवढंच काढा, पुस्तकातलं काढू नका. आत आहे हे नक्की माहीत आहे पण डोळ्यांना दिसत नाही, असं काही असेल तर ते तुटक रेषेने काढा.

परीक्षेचं काय, असं मुलांनी विचारलं. सर म्हणाले, "बघू."

त्यांनी काय पाहिलं, ते परीक्षेच्या दिवशी कळलं. विभागाच्या कपाटात जुन्या बरण्यांचं छोटं संग्रहालय होतं. त्यातल्याच बरण्या मुलांना आळीपाळीने मांडायला दिल्या. असं काही वर्षं चाललं. मग एका वर्षी बाहेरून आलेले परीक्षक एका बरणीपुढे थांबले. तीत तारामासा होता. त्याचा एक हात तुटलेला होता. कपाट रंगवायला काढलं तेव्हा बरणी रिक्षातून नेताना खड्ड्यात आदळली होती, तेव्हाचा.

"सर, हा मी गेल्या वर्षी पाहिलाय."

"हो."

"त्याच्या आधीच्या वर्षी पण."

"हो. पुढच्या वर्षी आलात तर तेव्हाही बघाल. तेवढा एकच आहे."

"म्हणजे पोरांनी काहीच गोळा केलेलं नाही."

"केलंय की. चित्रं बघा ना."

परीक्षकांनी चित्रं पाहिली नाहीत. मुलांचे गुण कापले गेले. पालक आले, तक्रार झाली. एक मुलगा ग्रंथालयात माझ्यासमोर सरांना म्हणाला, "सर, तुमच्या माशापायी माझा फर्स्ट क्लास गेला." सर त्याला म्हणाले, "खरंय तुझं." तो मुलगा मग खाली बघत निघून गेला. शिपाई सगळ्यांना सांगत सुटला की आपल्या कॉलेजात सगळ्यात जास्त वेळा बी.एस्सी. झालेला विद्यार्थी कोण, तर तो लंगडा मासा.

"जिवंत असता तर हात पुन्हा फुटला असता त्याला," सर मला म्हणाले. "ह्यांचं तसंच असतं. तोडलं तरी पुन्हा येतं. फक्त थोडा वेळ द्यावा लागतो. गार पाणी आणि वेळ."

सहलीचं प्रमुखपद त्यांच्याकडून काढून एका तरुण प्राध्यापकांना दिलं. सर तरी येत. रजा टाकून, स्वतःचं तिकीट काढून, बसमध्ये मागच्या सीटवर. पुढे नियमच बदलले आणि जिवंत प्राणी गोळा करणं थांबलं. मी ती बातमी घेऊन धावत त्यांच्याकडे गेले. त्यांना आनंद झाला नाही. "आता उचलायला राहिलंय काय, मॅडम," एवढंच म्हणाले.

रविवारी सकाळी ते मासळी बाजारात जात. घ्यायला नाही, बघायला. बर्फाच्या पेट्यांतून मुंबईकडून आलेली सुरमई, पापलेट. वितीने एकेक सुरमई मोजायची आणि मान हलवायची. तिथले चाचा वैतागत. "क्या सर, आज बी खाली देखने कू आए? लेना हय तो लो, नै तो बाजू हटो, गिराइक खडे हय."

"चाचा, ये तो बच्ची है. अभी शाळेत जाणारी आहे ही."

"तो क्या करूं, आधार कार्ड देखूं उसका?"

आजूबाजूचे हसत. सरही हसत. मग हळूच म्हणत, "अंडी घालायच्या आधीच धरली तर पुढच्या वर्षी तुम्ही काय विकणार?" चाचा म्हणत, "वो उप्परवाला जाने. नै तो तुम जानो."

सर गेल्यानंतर एकदा त्या बाजारावरून जाताना चाचांनी मला हाक मारली. "बाई, वो नापनेवाले सर नै दिखे बहोत दिन से." मी सांगितलं. त्यांनी हातातला सुरा खाली ठेवला. समोरच्या पेटीकडे बोट दाखवून म्हणाले, "देखो, सब छोटीच आरी आजकल. उनो रहते तो चिल्लाते."

सरांची भीती वेगळीच होती. समुद्र ओसाड होईल याची भीती होतीच, पण त्याहून मोठी ही, की ओसाड झालेला कुणाला कळणारच नाही. "आज पहिल्यांदा येणारं पोर हेच बघणार. त्याला वाटणार, समुद्र असाच असतो." एकदा त्यांनी मला विचारलं, "तुमच्या गावच्या नदीत कोणते मासे होते, मॅडम?" मला सांगता येईना. मी नदीकाठी वाढले. घरी जाऊन आईला फोन केला. आई म्हणाली, "लई होते की गं. मरळ, वाम, झिंगे. तुझे मामा धोतरानं धरायचे." मी विचारलं, आता? "आता मासे कुठचे. वाळूबी नाय राह्यली." मी ते मासे खाल्ले असणार. माझ्या आठवणीत एकही नव्हता.

सरांचं घर वाळूजच्या रस्त्याला. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, गंगापूरकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. मी गेले की चहा ठेवत आणि विचारत, "झालं का समुद्राचं?" सर आत नसले की मोकळ्या बोलत. "मला तोंडपाठ हाय सगळं. दगडाखाली कोण ऱ्हातं, फुलासारखं कोण असतं, तो तारा कसा चालतो. लगीन झाल्यापासून ऐकती. बघितलं कायबी नाय."

"मग या ना आमच्याबरोबर."

"म्हणते की मी. हे म्हणत्यात, यंदा नको. यंदा काही नव्हतं तिथं. पुढच्या ओहोटीला नेईन. आता मला सांगा ताई, समुद्र काय लगीनघर हाय व्हय, सामान आल्याबिगर दाखवायचं नाय?" आणि हसत हसत पुढे म्हणत, "तुमी शिकलेल्या बाया. आमाला कोण नेतं."

सुरुवातीच्या वर्षांत मुलं लहान होती, सासूबाई अंथरुणाला होत्या. वहिनी मोकळ्या झाल्या तेव्हापासून हे 'यंदा नको' सुरू झालं होतं. मुंबईच्या भाचीने चौपाटी दाखवते म्हणून बोलावलं, तर गेल्या नाहीत. ह्यांच्यासंगंच बघीन, म्हणाल्या.

सर निवृत्त झाल्यानंतर विभागाचं नूतनीकरण निघालं. पाहणीला समिती येणार होती. जुन्या बरण्या आरोग्याला घातक म्हणून टाकून द्यायच्या ठरल्या. सर आले, दारात उभे राहून टेम्पो भरताना पाहत राहिले. त्यांनी वाद घातला नाही. फक्त त्या कपाटातून लंगड्या माशाची बरणी काढून माझ्याकडे आले. "हिला जागा आहे का तुमच्याकडं?" मी तिला संदर्भ विभागात ठेवली, जाड कोशांच्या शेजारी. वर पाटी आहेच, 'या विभागातील ग्रंथ घरी नेता येणार नाहीत.' सरांनी ती पाटी वाचली आणि पुष्कळ दिवसांनी मनापासून हसले.

त्यांची शेवटची सहल त्यानंतरच्या हिवाळ्यातली. धाप लागत होती, तरी आले. पहाटे ते एका डबक्याकाठी बसले, मुलंही बसली. कुणी बोललं नाही, सावली पडू दिली नाही. बराच वेळ गेला. डबक्यातून कुणी बाहेर आलं नाही. एक शंख हलला, तेवढाच. मुलं चुळबुळ करायला लागली. मग एकेक उठून लाटांकडे गेली, पाण्यात खेळायला लागली, ओरडायला लागली. सर तसेच बसून राहिले. मी शेजारी होते.

"हिला आणायचं होतं," ते म्हणाले. मला क्षणभर कळलं नाही कुणाला. "लग्न झाल्यापासून सांगतोय तिला, इथं काय काय आहे. ती खरं धरून बसलीय. आता आणून काय दाखवू, मॅडम? डांबर?" मी म्हटलं, समुद्र तर आहेच ना, सर. ते म्हणाले, "तो काय, कुठूनही दिसतो." मग पाण्यात हात घातला, पण कोमट की गार ते या वेळी बोलले नाहीत. "पुढच्या वर्षी जरा बरं असेल तर," असं पुटपुटून ते उठले. मला त्यांना हात द्यावा लागला.

पुढच्या वर्षी ते नव्हते.

यंदा सहलीची सूचना लागली आणि दुसऱ्याच दिवशी वहिनी ग्रंथालयात आल्या. हातात कापडी पिशवी, जणू लगेचच निघायचं आहे. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "ताई, औंदा मला न्या." तरुण प्राध्यापकांनी काही हरकत घेतली नाही. मी निघताना संदर्भ विभागातली बरणी काढली आणि फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली. संदर्भ विभागातली वस्तू घरी नेता येत नाही. समुद्रावर नेण्याबद्दल नियम नाही. मुलांना काहीतरी दाखवायला हवं होतं, आणि तिथे आता दाखवायला काही नसतं, हे मला ठाऊक होतं.

पहाटे आम्ही माडांमधून खाली उतरलो. वहिनी थांबल्या. मी जिथे कधीकाळी थांबले होते, जवळपास तिथेच. ओहोटी पुरती लागली होती, कातळ लांबवर उघडा पडला होता, त्यापलीकडे पांढरी रेघ आणि मग ते सगळं. वर काय बघताय म्हणणारं कुणी नव्हतं. त्या वरच बघत राहिल्या. त्यांचा चेहरा उजळत गेला. "अगं बाई," म्हणाल्या, "केवढं हाय हे! आभाळाला टेकलंय की!" चपला काढून, लुगडं सावरून त्या कातळावर चालत सुटल्या. मला त्यांचा हात धरून चालावं लागलं. एके ठिकाणी त्या दगडावर बसल्या, पाण्याला पाय लावला, ओली बोटं जिभेला लावून पाहिली आणि पोरीसारख्या हसल्या.

मग हसू हळूहळू विझलं.

"ताई, एवढं असताना हे म्हणायचे, काही नाय तिथं."

मी हातातला डबा शेजारच्या दगडावर टेकवला.

"माझ्या ध्यानात आलंय," त्या समुद्राकडे बघतच म्हणाल्या. "समुद्राला काय झालंय? माझीच लाज वाटत आसंल. प्रोफेसरची बायको, अन् ही अशी. पोरापोरींसमोर काय दाखवायची. तोंडावर कसं बोलणार, म्हणून आपलं, पुढच्या ओहोटीला." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "एक डाव खरं बोलले असते तर राग नसता आला."

मी डबा उघडला, बरणी काढली आणि समोरच्या डबक्यात, तळाच्या वाळूवर, अलगद ठेवली. झाकणापर्यंत पाणी आलं. काच दिसेनाशी झाली. चार हातांचा तो तारामासा रिकाम्या डबक्यात एकटाच बसल्यासारखा दिसायला लागला.

"वहिनी, हा इथला आहे," मी म्हटलं. "इथे हे पसरलेले असत. मी पाहिलेत. त्या कपारीत लाल फुलं असायची. तिथे, पांढरं दिसतंय ना, ती पोवळी, जिवंत होती. ह्या डबक्यापाशी उकिडवं बसलं की पाय बधिर व्हायचे, तरी उठवायचं नाही. आता बघा."

त्यांनी पाहिलं. वाळू, दगड, नायलॉनचा हिरवा गुंता, आणि बरणीतला तो.

"गेल्या वर्षी सर ह्याच जागी बसले होते. म्हणाले, तिला लग्न झाल्यापासून सांगतोय, आता आणून काय दाखवू. त्यांना तुमची लाज नव्हती वाटत, वहिनी. ह्या रिकाम्या डबक्याची वाटत होती."

लाटांकडे वहिनींचं आता लक्ष नव्हतं. त्या खाली बघत होत्या, सर बघत तशा. सावली पाण्यावर पडत होती ती त्यांनी आपण होऊन बाजूला घेतली.

"म्हंजी घरात काय नव्हतं म्हणून," त्या सावकाश म्हणाल्या. "पाव्हणं येतो म्हणालं, अन् डब्यात पीठ नसलं, की माणूस म्हणतं, आज नको, पुढच्या बाजाराला या. तसं."

"तसंच."

"येड्याला कोण सांगंल, मी काय जेवायला येत होते का." आणि तेव्हा त्या रडल्या. शोकसभेतही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने मुलं आली. तरुण प्राध्यापक फार बोलत नाहीत, पण सरांची कागद-पेन्सिलीची पद्धत त्यांनी चालू ठेवली आहे. डबक्यात तारामासा दिसताच एक मुलगी धावली, "सर, जिवंत आहे!" आणि मग तिला झाकण दिसलं. तिचा चेहरा पडला. तरी ती बसली आणि काढायला लागली. सिल्लोडकडची पोर, हात चांगला. एक हात, दुसरा, तिसरा, चौथा. मग तिने माझ्याकडे मान वळवली. "मॅडम, दिसतं तेवढंच काढायचं ना?"

मी उत्तर द्यायच्या आत वहिनी म्हणाल्या, "पाचवा बी काढ बाई. होता तो."

मुलगी गोंधळली. कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघायला लागली. मी घड्याळ पाहिलं. पाणी वळायची वेळ होत आली होती, बरणी फार वेळ तिथे ठेवता येणार नव्हती.

"काढ," मी म्हटलं. "तुटक रेषेने."

तिने पेन्सिल टेकवली. वहिनी तिच्या खांद्यावरून वाकून बघत राहिल्या.